मदरबोर्ड गेला, म्हणे!

पत्र: दादा, फैजपूरजवळच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे. पत्र्याचं, रस्त्याला लागूनच. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी लाईट चार-पाच वेळा आली-गेली. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता. सकाळी बटण दाबलं तर दिवा लागतो, पंखा घुरघुरतो, पण स्क्रीन काळीच्या काळी. तालुक्याला दाखवला. दुकानदाराने उघडलासुद्धा नाही. बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, मदरबोर्ड गेला, साडेआठ हजार होतील, गॅरंटी देत नाही. लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यात एसएसडी टाकली आणि रॅम वाढवली. भाचा म्हणतो, रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. आमचे हे म्हणतात, केळीचे पैसे आले की नवाच घेऊ. इकडे अकरावीचे, डिप्लोमाचे फॉर्म सुरू आहेत आणि गिऱ्हाइकांचे सगळे स्कॅन त्याच्यातच आहेत. अजून एक, चार्जिंगला लावलेला असताना हात ठेवला की मुंग्या येतात. काय करू?

— एक ताई, यावल तालुका

उत्तर:

ताई, आधी फ्रिजचं. भाच्याला म्हणावं, तिथे कैऱ्या ठेव. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसाच फ्रिजमधून काढलेल्या लॅपटॉपच्या आत फुटतो. आणि आता मृगाची दमट हवा. जो बोर्ड आज कदाचित धडधाकट असेल, तो त्या पाण्याने खरंच जाईल.

आता तुमच्या दुकानदाराचं. बटण दाबून मदरबोर्ड गेल्याचं निदान करणारा माणूस मला चांगलाच ओळखीचा आहे, कारण काही वर्षांपूर्वी तो मीच होतो. एरंडोलचे एक शिक्षक लॅपटॉप घेऊन आले होते. दिवा लागत होता, पंखा फिरत होता, स्क्रीन काळी. दुकानात गर्दी होती. मी दोनदा बटण दाबलं आणि सांगून टाकलं, गुरुजी, बोर्ड गेला. बिचारे जुनं यंत्र माझ्याकडेच टाकून गेले. पंधरा दिवसांनी सुटे भाग काढायचे म्हणून मी ते उघडलं, रॅमची पट्टी, म्हणजे चालू काम तात्पुरतं लक्षात ठेवणारा भाग, काढली, सहज परत बसवली, आणि काय वाटलं कोण जाणे, बटण दाबलं. चालू! गुरुजींना फोन केला तेव्हा त्यांचा नवा लॅपटॉप घेऊन झाला होता, पहिला हप्ताही भरून झाला होता. ते काही बोलले नाहीत, नुसतं ‘बरं’ म्हणाले. ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं.

म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात दुकानदाराने न विचारलेली एक गोष्ट तुम्ही स्वतःहून लिहिली आहे: रॅम वाढवली. ती लक्षात ठेवा, तिच्याकडे येतोच.

आपल्याकडे गिऱ्हाईक काउंटरवर लॅपटॉप ठेवतं आणि म्हणतं, ‘मरी गया भो’. पण मरण्याचेही प्रकार असतात. काहीच हलत नाही, दिवाही लागत नाही, तो एक. दिवा-पंखा चालतो पण स्क्रीनवर अक्षर उमटत नाही, तो दुसरा. आणि कंपनीचं नाव येतं, मग गोल फिरत बसतं किंवा निळी स्क्रीन येते, तो तिसरा. पहिला वीज पोचण्याचा आजार, तिसरा बहुतेक वेळा विंडोजचा किंवा डिस्कचा. तुमचा दुसरा. म्हणजे अ‍ॅडॅप्टर, चार्जिंगची पिन, बटण आणि बोर्डाचा वीज वाटणारा भाग यांनी आपापलं काम थोडंफार तरी केलेलं आहे. त्यातला कुठला भाग खरंच शॉर्ट असता, तर बहुधा पंखा असा फिरत राहिला नसता. अडलंय ते पुढे.

बटण दाबल्यावर लॅपटॉप आधी स्वतःचीच हजेरी घेतो. प्रोसेसर आहे? रॅम आहे? स्क्रीन आहे? रॅम सापडली नाही की तो तिथेच थांबतो. स्क्रीनवर ‘रॅम नाही’ असं लिहायलासुद्धा त्याला रॅम लागते, मग लिहिणार कुठे? म्हणून तो दिवा ठरावीक वेळा लुकलुकवतो किंवा बीप देतो. प्रत्येक कंपनीची ही खूण वेगळी असते. तुमचा दिवा एकसारखा लागतो की थांबून-थांबून लुकलुकतो, ते एकदा नीट बघा. दोन लुकलुक, मग थांबा, मग सात, असं काही दिसलं तर तसंच कागदावर उतरवा. मॉडेलचा नंबर लॅपटॉपच्या पोटावर असतो. तो आणि हा आकडा कंपनीच्या माहितीपुस्तिकेशी जुळवला की अर्धं निदान तिथेच होतं.

आता कामाला लागा. आज संध्याकाळी, पत्रा थंड झाल्यावर.

सगळ्यात आधी लॅपटॉपला जे जे टोचलंय ते काढा. प्रिंटर, माऊस, पेन ड्राइव्ह, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, सगळं. तुमच्यासारख्या दुकानात दोन-तीन यूएसबी वस्तू कायम लावलेल्या असतात. त्यातली एखादी आतून बिघडली, तर तिच्यापायी अख्खा लॅपटॉप अडून बसतो. हे मी पाहिलेलं आहे. बिघडलेलं होतं साडेतीनशे रुपयांचं यूएसबी हब, आणि गिऱ्हाईक लॅपटॉपसाठी रडत होतं.

मग चार्जर काढा. चार्जर काढलेलाच ठेवून पॉवरचं बटण मनात तीस मोजेपर्यंत दाबून धरा. मध्ये सोडू नका. बोर्डावर एक छोटी चिप असते. बटण, चार्जिंग, पंखा हे सगळं तिच्या ताब्यात. लाईट चार-पाच वेळा आली-गेली की कधी कधी ही चिपच गोंधळून बसते. बटण दाबून धरल्याने आत उरलीसुरली वीज निघून जाते आणि ती नव्याने सुरुवात करते. आता फक्त चार्जर लावा, बाकी काही नाही, आणि एकदाच बटण दाबा. दोन मिनिटं वाट बघा. घाईघाईने परत-परत दाबू नका.

तरी काळीच? मग खोली अंधारी करा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनला तिरका धरून बघा. अगदी पुसट, भुतासारखं चित्र दिसलं तर लॅपटॉप ठणठणीत आहे, फक्त स्क्रीनच्या मागचा उजेड गेलाय. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का तेही बघा. लागत-विझत असेल तर यंत्र जागं आहे आणि भानगड स्क्रीनची किंवा तिच्या केबलची आहे. अशा वेळी एचडीएमआयची वायर घरच्या टीव्हीला लावा. टीव्हीवर चित्र आलं तर तुमचे स्कॅन आजच वाचले समजा. सीझन संपेपर्यंत टीव्हीवर काम करा, स्क्रीनचं नंतर बघू.

कॅप्स लॉकही ढिम्म असेल, तर मात्र उघडायचं. घाबरू नका. शिवणयंत्राची शटल काढून तेल घालणाऱ्या बाईला हे जड नाही.

छोटा प्लस स्क्रू-ड्रायव्हर, एक जुनं एटीएम कार्ड, पांढरा मऊ खोडरबर आणि कोरा कागद घ्या. सिंथेटिक साडी असेल तर त्या दिवशी सुती नेसा आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू नका. हवा कोरडी असली की अंगावर स्थिर वीज साठते. मे महिन्यात अंधारात साडी झटकली की ठिणग्या दिसतात, त्याच त्या. माणसाला त्याचा चटकासुद्धा धड जाणवत नाही, पण रॅमची चिप तेवढ्याने मरू शकते. काम सुरू करण्याआधी आणि मधूनमधून खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावत जा.

लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. उलटा करून स्क्रू काढा. सगळे एका लांबीचे नसतात, लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर वरच्या बाजूला टोचतो. म्हणून कागदावर लॅपटॉपच्या पोटाचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदात खोचून ठेवा. रबरी पायांखाली एखादा लपलेला असतो, झाकण निघेना झालं की तिथे बघा, ओढाताण करू नका. एटीएम कार्ड कडेने फिरवत नेलं की खिट्ट्या ‘कट कट’ करत सुटतात. तो आवाज ऐकून पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं, मोडलं.

झाकण निघालं की पहिलं काम, बॅटरीची पिन बोर्डावरून सोडवायची. ती लागलेली असताना दुसऱ्या कशालाही हात नाही. आणि बॅटरीकडे एकदा नीट बघा. पापडासारखी फुगली असेल, टचपॅड वर उचलल्यासारखं वाटत असेल, तर इथेच थांबा. तिला दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. अशी बॅटरी पेट घेते. ती काढायचं काम दुकानात.

बॅटरी सपाट असेल तर पुढे. रॅम म्हणजे बोटभर लांबीची हिरवी पट्टी, दोन्ही कडांना चिमट्यासारख्या चकत्या. तुम्ही रॅम वाढवली म्हणजे बहुधा एक पट्टी कंपनीची आणि एक नंतरची. काही लॅपटॉपमध्ये कंपनीची रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, मग पट्टी एकच दिसेल. चकत्या बाहेरच्या बाजूला हलवल्या की पट्टी टुणकन वर उचलली जाते, मग ती तिरकी धरून ओढायची. खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील. ते काळपट, मळकट दिसले तर मला आनंद होईल. खोडरबराने हलक्या हाताने पुसा, शाळेत पेन्सिलची चूक खोडायचो तेवढ्याच जोराने. खोडरबराचा चुरा मऊ ब्रशने झटका, तो खाचेत जाता कामा नये. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते.

आता एकच पट्टी बसवा. खाचेची जागा जुळवून तिरकी आत सरकवायची, सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत, मग खाली दाबली की दोन्ही बाजूंनी ‘टक’. हा ‘टक’ आला नाही तर बसली नाही. बॅटरीची पिन लावा, झाकण नुसतं ठेवून बघा, बटण दाबा, दोन मिनिटं थांबा. नाही झालं तर परत सगळं बंद करा, बॅटरी सोडा, तीच पट्टी दुसऱ्या जागेत. मग दुसरी पट्टी पहिल्या जागेत. कंटाळवाणं आहे, पण एका पट्टीवर चालू झाला आणि दुसरीवर नाही, तर गुन्हेगार सापडला. तो अर्ध्या रॅमवर हळू चालेल, पण फॉर्म भरले जातील.

मशीन उघडलंच आहे तर पंख्याच्या तोंडाशी धातूच्या पातळ पापुद्र्यांची जाळी असते, तिच्यातून उजेड आरपार दिसतो का बघा. चोपड्याच्या बाजूच्या एका जिनिंगच्या ऑफिसचा लॅपटॉप मी उघडला होता. त्या जाळीवर रुईचा असा थर बसला होता की चिमट्याने धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, लहान बाळाच्या गोधडीसारखा. तुमच्याकडे रुई नसेल, पण रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ आहे. पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशने जाळी साफ करा.

हे सगळं करूनही नाहीच झालं, तर मी मानेन की दुकानदार बरोबर असू शकतो. पण त्याच्याकडे परत जायच्या आधी एक गोष्ट कराच. आतली एसएसडी, म्हणजे सगळ्या फाईली साठवणारी डिस्क, काढून घरी ठेवा.

खरं तर पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. तुमचे स्कॅन लॅपटॉपमध्ये नाहीत, एसएसडीमध्ये आहेत. बोर्ड जळून कोळसा झाला तरी ती सुखरूप असू शकते. च्युइंगमच्या पट्टीसारखी लांबट असेल तर एका स्क्रूने धरलेली असते. अडीच इंची चपटी डबी असेल तर कोपऱ्यात असते. तिच्यासाठी यूएसबीची केसिंग मिळते. घेताना एसएसडी सोबत न्या, कारण लांबट पट्टीतही दोन जाती आहेत, एनव्हीएमई आणि साटा, आणि एकीची केसिंग दुसरीला चालेलच असं नाही. केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कुणाच्याही कॉम्प्युटरला लावली की पेन ड्राइव्हसारखी उघडते. 48 आकडी बिटलॉकर की मागितली तर गोंधळू नका. विंडोजने डेटाला कुलूप लावलेलं असतं. तुम्ही ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं होतं, ते मोबाईलवर उघडलं की बहुतेक वेळा त्यात ती की सापडते. तो दुसरा कॉम्प्युटर ‘डिस्क फॉरमॅट करू का’ विचारेल, तेव्हा ‘नाही’.

आणि त्यात गावातल्या लोकांची आधार कार्डं आहेत, बँकेची पासबुकं, उत्पन्नाचे दाखले, मुलींचे फोटो. ते सगळं अनोळखी दुकानात आठ दिवस ठेवायचं? बोर्ड तपासायला एसएसडी लागत नाही. कुणी म्हणालाच की लागते, तर लॅपटॉप उचला आणि पुढच्या दुकानात जा. फॉर्म भरून झाला की गिऱ्हाइकाचे स्कॅन पुसायची सवयही लावून घ्या. तुम्हाला ते परत लागत नाहीत, लागलेच तर तो कागद घेऊन येईलच.

मग बोर्ड दाखवायचा तो ‘चिप लेव्हल’चं, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग तपासून बदलायचं, काम करणाऱ्याकडे. भुसावळला असतील, जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करा. त्याला थेट विचारा: कुठला भाग गेलाय, मोजून बघितलं का, की अंदाज आहे? मीटर लावून सांगणारा आणि नुसतं बघून सांगणारा यांच्यात फरक असतो. ‘हीट मारून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. चिपला गरम हवा मारली की लॅपटॉप काही आठवडे चालतो, मग बहुधा परत झोपतो, तोवर तुमचे पैसे गेलेले असतात. खरंच बोर्ड बदलायची वेळ आली, तर सहा वर्षांच्या यंत्रावर बिनगॅरंटीचे साडेआठ हजार मी तरी घालणार नाही. इथे तुमच्या मालकांचं बरोबर आहे. पण हा निर्णय खोडरबरानंतरचा.

आता मुंग्या. त्या मुंग्यांनी लॅपटॉप मेला असं नाही, पण त्या चुगली करतायत. अ‍ॅडॅप्टरच्या आत एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडी वीज धातूच्या अंगाकडे झिरपते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर तुमच्या हातातून जाते. म्हणजे एक तर तुम्ही तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात कन्व्हर्टर लावून घुसवलाय, किंवा दुकानात अर्थिंगची वायर नुसती नावाला आहे. वायरमनला बोलावून बघून घ्या. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात माती कोरडी पडून तो निकामी होतो. जुने लोक त्यात बादलीभर पाणी ओतायचे, त्याचं कारण हेच. अर्थिंग नसेल तर महागाचा स्पाइक गार्डही अर्धंच काम करतो.

लाईट जायची ती जाणारच. लोकांना वाटतं कमी व्होल्टेजने लॅपटॉप जळतो. अ‍ॅडॅप्टरवर वाचा, 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं. रात्री शेतातल्या मोटारी सुरू झाल्या आणि बल्ब पिवळा पडला, तरी तो मुकाट्याने चालतो. मारतं ते जादा व्होल्टेज. डीपीवर न्यूट्रल सुटला की 230 च्या जागी आकडा 400 च्या दिशेने चढतो आणि गल्लीतले टीव्ही एकदम जातात. म्हणून लाईट ये-जा करायला लागली की चार्जर सॉकेटातून ओढून काढा, बॅटरीवर काम करा, आणि लाईट आल्यावर पाच मिनिटं टिकली तरच परत लावा.

पत्र्याचं काय करणार, ते मला माहीत नाही. बऱ्याच कंपन्या लॅपटॉपसाठी भोवतालचं तापमान 35 अंशांपर्यंत धरतात आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच 44-45. पत्र्याखाली त्याहून जास्त. लिथियमची बॅटरी 45 च्या वर चार्ज करू नये असं सांगतात, म्हणजे दुपारी एक ते चार चार्जिंग नको. वर ज्वारीचा कडबा किंवा केळीची वाळलेली पानं अंथरून पाणी मारलं तरी फरक पडतो. लॅपटॉप रेक्झिनच्या गादीवर ठेवत असाल तर खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवा, पोटाखालून हवा गेली पाहिजे.

तिसऱ्या प्रकारवाल्या वाचकांसाठी दोन ओळी, नाहीतर परत पत्रं येतील. विंडोज सुरू होताना अडकत असेल तर गोल फिरायला लागल्यावर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीची निळी स्क्रीन येते. त्यात ‘स्टार्टअप रिपेअर’ आधी, ‘रिसेट’ सगळ्यात शेवटी. डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि आतून टक-टक-टक आवाज येत असेल, तर यातलं काहीही करू नका. लगेच बंद करा.

ताई, रॅम काढून बसवलीत की कळवा. आणि दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा, मधला थांबा किती, मॉडेल नंबर काय, एवढं पोस्टकार्डावरही मावेल.